‘मिश्र गाठ’ असा जुना रिपोर्ट असेल तर

प्रश्न : भावाच्या मेंदूतल्या गाठीचं ऑपरेशन २०१३ साली झालं. रिपोर्टमध्ये ‘ऑलिगोॲस्ट्रोसायटोमा, ग्रेड २’, म्हणजे मिश्र गाठ, असं होतं. आता गाठ पुन्हा दिसतेय आणि नवे डॉक्टर म्हणतात, असा प्रकारच आता धरत नाहीत. मग पहिलं निदान चुकलं होतं का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : चुकलं नव्हतं. तेव्हा निदान मुख्यतः पेशींच्या रूपावरून व्हायचं. ॲस्ट्रोसायटोमा आणि ऑलिगोडेंड्रोग्लायोमा या दोन्ही तऱ्हांच्या गाठींसारख्या पेशी दिसल्या की गाठ मिश्र. पण एकाच स्लाइडवर दोन पॅथॉलॉजिस्टांचं एकमत होईलच असं नसे. पुढे जनुकं तपासल्यावर कळलं, की वेगळ्या दिसणाऱ्या दोन्ही भागांत बहुतेक वेळा तेच बदल असतात. म्हणजे मूळ पेशी एकच. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१च्या वर्गीकरणातून हे नाव काढूनच टाकलं.

या गाठींत आधी आयडीएच जनुक बिघडतं. मग वाटा फुटतात : टीपी५३ आणि एटीआरएक्स ही जनुकं बिघडली तर ॲस्ट्रोसायटोमा, १पी आणि १९क्यू हे गुणसूत्रांचे अख्खे तुकडे गळाले तर ऑलिगोडेंड्रोग्लायोमा. एकाच गाठीत दोन्ही वाटा सापडणं अगदी विरळा.

भावाचा पॅराफिन ब्लॉक, म्हणजे मेणात जपून ठेवलेला गाठीचा तुकडा, जुन्या हॉस्पिटलातून मागवा. नुसत्या रंगवलेल्या स्लाइड पुरत नाहीत. आधी आयडीएच-१ आर१३२एच, म्हणजे आयडीएचमधला नेहमीचा बदल रंगाने दाखवणारी चाचणी. तो निगेटिव्ह आला तरी थांबू नका, आयडीएचमधले दुर्मीळ बदल सीक्वेन्सिंगमध्येच, म्हणजे जनुकाचा क्रम वाचल्यावरच, दिसतात. सोबत एटीआरएक्सची तशीच रंगाची चाचणी. इथे हमखास घोळ होतो : गाठीच्या पेशी रंगल्या नाहीत, पण रक्तवाहिन्यांच्या पेशी रंगल्या, तरच ‘एटीआरएक्स गेलं’ म्हणायचं. दोन्ही कोऱ्या असतील तर चाचणीच फसली. आयडीएच बिघडलेलं आणि एटीआरएक्स गेलेलं असेल तर ॲस्ट्रोसायटोमा. एटीआरएक्स शाबूत असेल तर १पी/१९क्यू तपासायलाच हवं. त्यासाठीची फिश चाचणी (चमकणाऱ्या खुणा लावून गुणसूत्र पाहण्याची) गुणसूत्राच्या तुकड्याचा छोटासा भागच पाहते, त्यामुळे अर्धवट गळतीही कधी पूर्ण वाटते. शंका असेल तर अख्खा तुकडा पाहणारी चाचणी मागा.

पुन्हा ऑपरेशन झालं तर नव्या नमुन्यात सीडीकेएन२ए/बी ही जनुकं बघायला सांगा. ॲस्ट्रोसायटोमात यांच्या दोन्ही प्रती गेल्या असतील, तर पेशी कितीही सौम्य दिसोत, ग्रेड ४, म्हणजे सर्वांत गंभीर, धरतात.

लॅबला एक आधीच सांगा : सगळ्या चाचण्यांसाठी ब्लॉकचे पातळ काप एकदमच काढून ठेवा. दर वेळी ब्लॉक नव्याने सपाट करताना थोडी गाठ वाया जाते, आणि नमुना लहान असेल तर शेवटच्या चाचणीला काही उरत नाही.