बीपी असलेल्यांच्या रक्तात अमिनो आम्लं कमी असतात का? वडिलांना आर्जिनीनची पावडर सुरू करू का?

अमिनो आम्लं म्हणजे प्रथिनांचे घटक; ती सरसकट कमी नसतात. ल्युसीन, आयसोल्युसीन, व्हॅलीन ही तिन्ही तर बीपीवाल्यांत बऱ्याचदा जास्तच सापडतात, विशेषतः वजन आणि साखरही वाढलेली असेल तर.

आर्जिनीन या अमिनो आम्लाचं वेगळं आहे. रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर त्यापासून नायट्रिक ऑक्साइड बनवतं आणि त्याने वाहिनी सैल पडते. (या वायूच्या रक्तवाहिन्यांतल्या कामाच्या शोधाला 1998 चं नोबेल मिळालं.) बीपीत अडचण बहुधा आर्जिनीनच्या तुटवड्याची नसते. एडीएमए नावाचं त्याच्यासारखंच दिसणारं रेणू वाढतं आणि वाहिनीतलं हे काम अडवतं.

म्हणून पावडर मनाने सुरू करू नका. तोंडाने घेतलेलं बरंचसं आर्जिनीन आतडी आणि यकृतच मोडून टाकतात. वडिलांना हार्ट अटॅक येऊन गेला असेल तर नकोच: अमेरिकेत अशा रुग्णांवरची एक चाचणी आर्जिनीनच्या गटात मृत्यू झाल्याने थांबवावी लागली, तिचे निष्कर्ष 2006 मध्ये प्रसिद्ध झाले.

कलिंगड जरूर द्या, मधुमेह असेल तर बेताने. त्यातल्या सिट्रुलीनपासून मूत्रपिंडं आर्जिनीन बनवतात. सालीलगतचा पांढरा गरही टाकू नका, किसून धिरड्यात घाला. बीपीची गोळी मात्र चालूच ठेवा.