तगर, अनंत आणि ‘डबल तगर’

प्रश्न असा आहे: ‘डबल तगर’ म्हणून आणलेल्या रोपाला कुणी अनंत म्हणतं, आयुर्वेदात तगर म्हणजे कसलंसं मूळ निघतं, मग खरी तगर कोणती? आणि ‘तगर फुलली’ म्हणायचं की ‘तगर फुलला’?

व्याकरणाचं आधी सांगतो. फुलझाड या अर्थी तगर स्त्रीलिंगी. तगर फुलली, तगरीचं फूल, तगरीला पाणी घाल. ‘तगराचं फूल’ही कानावर येतं, पण ‘तगरीचं’ हेच रूप मला जास्त रुळलेलं वाटतं. अनंत मात्र पुल्लिंगी: अनंत फुलला, अनंताची कळी.

आता झाड. तगर आणि अनंत ही दोन वेगळ्या कुळांतली झुडपं आहेत. दोन्ही सदाहरित, दोन्हींची पानं गडद आणि तुकतुकीत, फुलं पांढरी, त्यामुळे घोटाळा होतो. ओळखायला एक पान देठाशी खुडा. लगेच पांढरा चीक आला तर ती तगर. ती कण्हेरीच्या कुळातली. अनंत कॉफीच्या कुळातला, त्याला चीक नाही. तगरीचं एकेरी फूल तर लांबूनही ओळखू येतं: पाचही पाकळ्या एकाच दिशेला मुरडलेल्या, भिरभिऱ्यासारख्या. दुहेरी जातीत पाकळ्यांची गर्दी होते आणि ती अनंतासारखी दिसू लागते. तेव्हा वासावर जावं. अनंताचा वास दाट, दिवसाही येणारा. तगरीचा हलका, रात्री थोडा वाढणारा. अनंताचं फूल जुनं होताना पिवळसर पडतं, ही आणखी एक खूण. इंग्रजीतही हा गोंधळ आहेच: तगर ‘क्रेप जस्मिन’, अनंत ‘केप जस्मिन’, आणि जाई-मोगऱ्याच्या कुळात दोघांपैकी एकही नाही.

त्या मुरडलेल्या पाकळ्यांवरून दक्षिणेकडच्या भाषांनी नावं ठेवली असावीत. मल्याळममध्ये नंद्यार्वट्टम्, तेलुगूत नंदिवर्धनम्, कन्नडात नंदिबट्टलु. मल्याळम नावात तर संस्कृत ‘नंद्यावर्त’ सरळ दिसतो. स्वस्तिकासारख्या, पण भुजा पुढे वळत गेलेल्या मंगलचिन्हाचं ते नाव. हिंदीतली ‘चांदनी’ रंगावर थांबते. मला नंद्यावर्त हे नाव फार आवडतं, कारण ते फुलाकडे नीट बघून दिलेलं वाटतं.

आयुर्वेदातलं तगर हे तिसरंच प्रकरण. ते नपुंसकलिंगी, आणि हिमालयातल्या व्हॅलेरियन जातीच्या छोट्या वनस्पतीचं उग्र वासाचं मूळ. धम्मपदाच्या पुष्पवर्गात वाऱ्याविरुद्ध न जाणाऱ्या सुगंधांमध्ये चंदन आणि मल्लिकेच्या जोडीला तगर येतं. चंदनाशेजारी बसायला आपल्या तगरीचा वास फारच सौम्य आहे, म्हणून तिथे सुगंधी मूळच अभिप्रेत असावं, असं माझं मत. मात्र जुन्या कोशांनी दोन्ही अर्थ एकाच नोंदीत घातले आहेत. याचा व्यवहारात परिणाम होतो: औषधातलं तगर समजून अंगणातल्या तगरीचं मूळ कुणी उगाळू नये. तिच्यात तीव्र परिणाम करणारी अल्कलॉइड्स असतात.

लावायची तर तगर सोपी. पावसाळ्याच्या सुरुवातीला पेन्सिलीएवढ्या जाडीची, अर्धवट पिकलेली फांदी कापा, खालची पानं काढा, चीक वाळू द्या आणि निचऱ्याच्या मातीत खोचा. चीक डोळ्याला लागू देऊ नका. ऊन भरपूर असेल तर फुलं जास्त, अर्ध्या सावलीतही तग धरते. फांद्या दोन-दोन फाटे फुटत पसरतात. शास्त्रीय नावातलं ‘डिव्हॅरिकाटा’ हेच सांगतं. बहर ओसरला की छाटा, झुडूप दाट होतं.

अनंताचं तसं नाही. त्याला आम्लधर्मी माती लागते. नवी पानं पिवळी पण शिरा हिरव्या असं दिसलं तर बहुधा लोह कमी पडतंय. मातीत लोह असलं, तरी चुनखडीच्या मातीत किंवा जड पाण्यावर झाडाला ते घेता येत नाही. पाण्याची हेळसांड झाली तर कळ्या न उमलताच गळतात.

म्हणून ‘डबल तगर’ हे नाव चुकीचं नाही, फक्त ते दुहेरी पाकळ्यांच्या तगरीलाच वापरावं. तुमच्या रोपाचं पान खुडल्यावर चीक आला नाही, तर तो अनंत असण्याचा संभव जास्त. मग आधी माती बदला.