जीपीएसच्या सिग्नलवरून वातावरणाच्या वरच्या थराचा नकाशा कसा काढतात? नाशिकमधून त्यातलं काही दिसतं का?

तुमचा प्रश्न असा आहे की, उपग्रह आपली जागा सांगण्यासाठी सोडलेत, मग त्यांच्याच सिग्नलवरून आकाशाचा नकाशा कसा निघतो, आणि नाशिकला बसून त्यातलं काही अनुभवता येतं का. मोबाइलवरूनही असा नकाशा निघतो असं तुम्ही वाचलंय, त्याबद्दलही पुढे सांगतो. दुसऱ्या भागाचं उत्तर आधी देतो, कारण मला स्वतःला पहिला भाग तिथूनच उमगला.

मी नाशिकला खासगी जमीन मोजणीची कामं करतो. मार्चअखेरची गोष्ट. दिंडोरी तालुक्यात दोन भावांची वाटणी होती. दोघे भाऊ आणि शेजारच्या गटांचे मालक असे सगळे एकत्र त्याच दिवशी मिळाले, म्हणून अंधार पडला तरी शेवटच्या चार खुणा टाकूनच उठायचं ठरलं. द्राक्षबागेच्या तारांपासून लांब, मोकळ्या बांधावर रोव्हर (उपग्रहांचे सिग्नल घेणारं मोजणीचं यंत्र) उभा केला होता. दिवसभर दोन सेंटिमीटरच्या आत फिक्स, म्हणजे पक्की जागा, मिळत होतं. साडेसात वाजून गेले आणि स्क्रीनवर 'फिक्स'चं 'फ्लोट' (कच्ची, डळमळती जागा) झालं. पुन्हा फिक्स, पुन्हा फ्लोट. थोरले भाऊ म्हणाले, "साहेब, वर ढगाचा टिपूस नाही, मग मशीन का अडतंय?"

केबल पाहिली, सिमची रेंज पाहिली, बेसकडून (ठरलेल्या जागी ठेवलेल्या दुसऱ्या यंत्राकडून) करेक्शन वेळेवर येत होतं. मग उपग्रहांच्या सिग्नलची ताकद दाखवणारा पडदा उघडला. उत्तरेकडच्या उपग्रहांच्या दांड्या स्थिर होत्या. दक्षिणेकडच्या तीन-चार मात्र थरथरत होत्या. एकीचा आकडा पंचेचाळीसवरून तिसाच्या खाली यायचा आणि दोन-तीन सेकंदांत परत वर जायचा. तासभर वाट पाहून नाद सोडला. सकाळी साडेसहाला परत गेलो तेव्हा त्याच खुणा पाच मिनिटांत पडल्या. रात्री मी मशीनला दोष दिला होता, पण मशीन अगदी बरोबर होतं. ते आकाशात जे चाललं होतं तेच दाखवत होतं.

ही गडबड होते आयनोस्फिअरमध्ये. जमिनीपासून साधारण ६० ते १००० किलोमीटर उंचीपर्यंत सूर्याचे अतिनील किरण हवेच्या कणांतून इलेक्ट्रॉन मोकळे करतात. त्यांची सगळ्यात जास्त दाटी २५० ते ४०० किलोमीटरच्या पट्ट्यात असते. जीपीएसचे उपग्रह २०,२०० किलोमीटर उंचीवर, म्हणजे खाली येणारा प्रत्येक सिग्नल या दाटीतून वाट काढतच आपल्यापर्यंत पोहोचतो. तिथे त्याला उशीर होतो, आणि कमी फ्रिक्वेन्सीच्या सिग्नलला जास्त होतो.

एकाच वेळी निघालेल्या दोन बैलगाड्या डोळ्यांसमोर आणा. कोरड्या रस्त्यावर दोन्ही बरोबरीनं धावतात. काळ्या रानातला चिखल लागला की अरुंद चाकांची गाडी जास्त रुतते आणि मागे पडते. मुक्कामावर दोघींत किती अंतर पडलं ते पाहिलं, की वाटेत चिखल किती होता हे रस्ता न बघताही सांगता येतं. जीपीएसचा उपग्रह १५७५.४२ आणि १२२७.६० मेगाहर्ट्झ अशा दोन फ्रिक्वेन्सींवर एकाच क्षणी सिग्नल सोडतो. दोघांच्या पोहोचण्यातला फरक म्हणजे वाटेतल्या एकूण इलेक्ट्रॉनांची मोजदाद. खालच्या हवेतली वाफ, ढग यांच्यामुळेही उशीर होतो, पण तो दोघांना सारखाच होतो, म्हणून वजाबाकीत निघून जातो. (ढगांचा या नकाशाशी संबंध नसतो, तो यामुळेच.)

हिशेब सोपा आहे. एक चौरस मीटर जाडीचा सरळ खांब उपग्रहापर्यंत उभा केला आणि त्यात १० वर १६ घात इतके इलेक्ट्रॉन असले, तर त्याला एक टेक युनिट म्हणतात (टेक म्हणजे टोटल इलेक्ट्रॉन कंटेंट, वाटेतले एकूण इलेक्ट्रॉन). उशीर अंतरात मोजला, तर एका युनिटमागे पहिल्या फ्रिक्वेन्सीला १६ सेंटिमीटर उशीर होतो, दुसरीला सुमारे २७. फरक साडेदहा सेंटिमीटर. आपल्या भागात पहाटे हा आकडा दहाच्या खाली असू शकतो आणि सूर्य जोरात असलेल्या वर्षांत मार्च-एप्रिलच्या दुपारी ८० च्याही पुढे जातो. ८० युनिट म्हणजे जवळजवळ १३ मीटरची चूक, आणि तीही उपग्रह डोक्यावर असताना. तो क्षितिजाकडे कलला की तिरक्या वाटेमुळे ती दुपटीवर जाते. मला ही चूक बाद करायची असते. आयनोस्फिअरचा अभ्यास करणाऱ्यांना नेमकी तीच हवी असते.

यात एक मेख आहे, आणि बरेच लोक ती सांगत नाहीत. उपग्रहाच्या आणि रिसीव्हरच्या आतल्या सर्किटमध्येही दोन फ्रिक्वेन्सींना सारखा वेळ लागत नाही. तिथे एका नॅनोसेकंदाचा फरक राहिला, तर नकाशात जवळपास तीन युनिटची चूक शिरते. म्हणून प्रत्येक यंत्राचा हा दोष आधी शोधून वजा करावा लागतो. नकाशा करण्यातली निम्मी मेहनत इथेच जाते.

नकाशासाठी हे सगळे इलेक्ट्रॉन साडेतीनशे-साडेचारशे किलोमीटर उंचीवरच्या एका पातळ पडद्यावर आहेत असं धरतात आणि प्रत्येक सिग्नल त्या पडद्याला जिथे भोक पाडतो तिथे आकडा मांडतात. पडदा साडेतीनशे किलोमीटरवर धरला, तर क्षितिजापासून २० अंशांवर असलेल्या उपग्रहाचं भोक रिसीव्हरपासून सुमारे पावणेआठशे किलोमीटरवर पडतं. म्हणजे नाशिकच्या गच्चीवरचा एक अँटेना दक्षिणेला बंगळूरच्या आणि उत्तरेला जयपूरच्या अक्षांशापर्यंतचं आकाश चाचपतो. मला हे पहिल्यांदा समजलं तेव्हा मी कागदावर परत परत मांडून पाहिलं होतं.

असे शेकडो रिसीव्हर जोडून आयजीएस ही आंतरराष्ट्रीय व्यवस्था १९९८ पासून सगळ्या जगाचे नकाशे काढते. त्यातला एक चौकोन अडीच अंश उंच आणि पाच अंश रुंद असतो. पाच अंश म्हणजे जवळपास नाशिक ते नागपूर. युरोपवरच्या संथ आकाशाला एवढा चौकोन चालून जातो. आपल्याला पुरत नाही, असं माझं ठाम मत आहे.

कारण आपलं आकाश वेगळं आहे. चुंबकीय विषुववृत्त (पृथ्वीच्या चुंबकीय रेषा जिथे जमिनीला समांतर असतात ती रेघ) भारताच्या दक्षिण टोकाजवळून, तिरुनेलवेलीच्या आसपास जातं. तिथले इलेक्ट्रॉन दिवसा वर उचलले जातात आणि चुंबकीय रेषांवरून दोन्ही बाजूंना उतरतात. दुपाखी घराच्या आढ्यावर पाणी ओतलं की ते दोन्ही वळचणींना जमतं, तसंच. आपल्या बाजूची वळचण अहमदाबाद, भोपाळ, कोलकाता अशी पडते, आणि नाशिक तिच्या अलीकडे, उतारावर. त्यामुळे इथे थोड्या अंतरातही आकडा झपाट्यानं बदलतो. सूर्य मावळला की थराचा खालचा भाग लवकर विरतो, वरचा दाटच राहतो. मग खालून विरळ कप्पे बुडबुड्यांसारखे वर चढतात. आढ्यावर बुडबुडा जितका उंच जातो तितका तो रेषांवरून वळचणीकडे लांब पसरतो. पूर्व-पश्चिम रुंदी मात्र कित्येकदा शंभर किलोमीटरही नसते. मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या रात्री हे जास्त घडतं. त्या रात्री माझं फिक्स याच कप्प्यांनी घालवलं होतं, आणि नाशिक ते नागपूर एवढ्या चौकोनात असला कप्पा कधी आला नि गेला ते कळतही नाही.

विमानांसाठी इस्रो आणि विमानतळ प्राधिकरणानं उभारलेली 'गगन' यंत्रणा भारतावरच्या या थराचा नकाशा सतत प्रसारित करते, तोही पाच-पाच अंशांच्या जाळीवर. भारताच्या स्वतःच्या जागा सांगणाऱ्या उपग्रहांबद्दल, म्हणजे 'नाविक'बद्दल मला विशेष आशा वाटते. त्याच्या एल-५ आणि एस-बँड फ्रिक्वेन्सी एकमेकींपासून इतक्या लांब आहेत की एका युनिटमागे साडेबावीस सेंटिमीटरचा फरक पडतो, जीपीएसच्या दुप्पट. शिवाय त्यातले काही उपग्रह भूस्थिर आहेत, त्यामुळे पडद्यावरचं भोक हलत नाही आणि एकाच जागेची रात्रभराची नोंद मिळते.

मोबाइलबद्दल तुम्ही जे वाचलंत ते बहुधा गुगलच्या संशोधकांचं काम असावं. २०२४ मध्ये 'नेचर'मध्ये त्यांनी दाखवलं की सुमारे चार कोटी अँड्रॉइड फोनच्या मोजणीतून नकाशा निघतो. एकेका फोनची मोजणी अगदी कच्ची असते, पण एका भागातल्या असंख्य फोनची सरासरी घेतली की कच्चेपणा जातो. त्या नकाशांत भारतावरचे हे बुडबुडेही दिसले. जमिनीवरची रिसीव्हर केंद्रं कमी आणि फोन भरपूर अशा आपल्यासारख्या देशाला यापेक्षा सोयीची गोष्ट नाही.

स्वतः पाहायचं असेल तर एल-१ (वर सांगितलेली जीपीएसची पहिली फ्रिक्वेन्सी) आणि एल-५ दोन्ही घेणारा फोन हवा. 'जीएनएसएस लॉगर' हे अॅप टाका, डेव्हलपर ऑप्शन्समधलं 'फोर्स फुल जीएनएसएस मेजरमेंट्स' चालू करा आणि ऑक्टोबरमध्ये संध्याकाळी सात ते रात्री अकरा या वेळात फोन गच्चीवर उघड्यावर ठेवा. दक्षिणेकडचे उपग्रह नजरेत ठेवा. रोज दिसणार नाही, चार-पाच रात्री द्या.

दिंडोरीच्या त्या रात्रीची कच्ची फाइल मी जपून ठेवली होती. एका उपग्रहाची वजाबाकी करून आलेख काढला तर साडेसातनंतर रेघ विहिरीत उतरावी तशी खाली गेली होती आणि काही मिनिटांनी पुन्हा काठावर आली होती. जमिनीच्या नकाशाची प्रत द्यायला गेलो तेव्हा तो आलेख थोरल्या भावांनाही दाखवला. त्यांनी विचारलं, "म्हणजे हा खड्डा आमच्या बागेवर होता?" बागेवर नव्हता. हिशेबानं तो सोलापूरच्या आसपास, साडेतीनशे किलोमीटर उंचीवर होता आणि पूर्वेकडे सरकत होता.