अण्णांनी कधी फारशा गोळ्या खाल्ल्या नाहीत, तरी कल्चर रिपोर्टात सगळीकडे ‘आर’ कसा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वडील सोलापुरात बारा दिवस आयसीयूत आहेत, रक्ताच्या कल्चरमध्ये क्लेबसिएला न्यूमोनिए हा जंतू सापडलाय, मेरोपेनेम आणि अमिकासिन या अँटिबायोटिकपुढे ‘आर’ (रेझिस्टंट, म्हणजे औषध चालत नाही), कोलिस्टिनपुढे ‘आय’ (इंटरमीडिएट, म्हणजे मधलं). आयुष्यभर तापाच्या गोळीपलीकडे काही घेतलं नाही, मग अण्णांचं शरीर अँटिबायोटिकला सरावलं कसं?

शरीर सरावत नाही. रेझिस्टन्स (औषधाला दाद न देणं) अण्णांचा नाही, त्या जंतूचा आहे, आणि जंतू बहुधा तो सोबत घेऊनच आला. कॅथेटर, व्हेंटिलेटरची नळी, सेंट्रल लाइन, कुणाचे न धुतलेले हात, वाटा पुष्कळ आहेत. कधी तो आधीच आतड्यात गुपचूप राहत असतो आणि इथल्या अँटिबायोटिकने बाकीचे जंतू मेले की त्याला रान मोकळं मिळतं.

सोलापूरकराला हे जेकार्डवरून (नक्षी विणणारी मागावरची यंत्रणा) चटकन कळेल. चादरीवरचा मोर मागात नसतो, भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांच्या माळेत असतो. माळ शेजारच्या मागावर चढवली की तिथेही तोच मोर. जंतूतली अशी माळ म्हणजे प्लाझ्मिड, मुख्य गुणसूत्राबाहेरचं डीएनएचं कडं. फरक एवढाच, की क्लेबसिएला माळ देतो तेव्हा स्वतःकडेही एक ठेवतो. आणि घेणारा क्लेबसिएलाच असावा लागतो असं नाही, त्याच आतड्यातला ई. कोलायसुद्धा चालतो.

आता माळेत काय काय ओवलेलं असतं ते बघा. एनडीएम हे जनुक जे एन्झाइम बनवतं त्याच्या गाभ्यात जस्ताचे दोन अणू असतात, आणि ते पेनिसिलिनपासून मेरोपेनेमपर्यंत बहुतेक सगळ्या औषधांच्या रेणूतली कडी तोडतं. (नावात नवी दिल्ली आहे, कारण 2008 साली ते ज्या स्वीडनमधल्या रुग्णात मिळालं तो आधी दिल्लीत दाखल होता. त्या नावावरून आपल्याकडे बरीच आदळआपट झाली.) त्याच प्लाझ्मिडवर पुष्कळदा आर्मए किंवा आरएमटीबी हे जनुक असतं. ते रायबोसोमवर, म्हणजे जंतूच्या प्रथिनं बनवणाऱ्या यंत्रावर, जिथे अमिकासिन बसतं तिथेच एक मिथाइल चिकटवतं, म्हणजे त्याच गटातलं जेंटामायसिनही बाद. म्हणून एका औषधाचा ‘आर’ एकटा येत नाही, आणि अमिकासिनच्या माऱ्यातही एनडीएमवाला जंतूच टिकून राहतो.

कोलिस्टिनचं गणित वेगळं. 2015 मध्ये चीनमधून कोलिस्टिन निष्प्रभ करणाऱ्या एमसीआर-1 या प्लाझ्मिडवरच्या जनुकाची बातमी आली आणि खळबळ उडाली, पण आपल्याकडच्या क्लेबसिएलात बहुतेकदा स्वतःच्याच गुणसूत्रावरचं एमजीआरबी जनुक मोडलेलं असतं आणि त्यामुळे कोलिस्टिन चालत नाही. तुमच्या रिपोर्टातल्या ‘आय’ला मात्र घाबरू नका. सीएलएसआय या अमेरिकी मानक संस्थेच्या 2020 पासूनच्या तक्त्यात कोलिस्टिनला ‘एस’ (औषध चालतं) हा रकानाच नाही; एमआयसी (जंतूची वाढ रोखणारं औषधाचं किमान प्रमाण) 2 किंवा कमी असली तरी ‘आय’च छापतात. एवढं विचारा, की आकडा ब्रॉथ मायक्रोडायल्यूशनने (पातळ खाद्यात औषधाचं प्रमाण पायरीपायरीने बदलून) काढलाय ना? कोलिस्टिनचा रेणू मोठा, अगरमध्ये (जंतू वाढवायच्या जेलीत) नीट पसरत नाही, त्यामुळे औषधाच्या डिस्कभोवतीचा जंतू न वाढलेला झोन मोजून दिलेला निकाल मी धरणार नाही.

आता खरी गोष्ट: ‘आर’च्या रांगेपेक्षा जनुकाचं नाव जास्त कामाचं. ते रिपोर्टात नसेल तर एमसीआयएम, ईसीआयएम या चाचण्या केल्यात का विचारा. एमसीआयएमसाठी 2 मिली ब्रॉथमध्ये 1 मायक्रोलिटरच्या लूपने जंतू मिसळतात, त्यात 10 मायक्रोग्रॅमची मेरोपेनेमची डिस्क बुडवून 35 अंशांवर चार तास ठेवतात. जंतूकडे कार्बापेनेमेज (मेरोपेनेमसारखी औषधं तोडणारं एन्झाइम) असेल तर तेवढ्यात तो औषध फस्त करतो. मग ती डिस्क मेरोपेनेमला बळी पडणाऱ्या ई. कोलायने सारवलेल्या प्लेटवर. दुसऱ्या दिवशी मोकळा गोल 6 ते 15 मिमी भरला तर पॉझिटिव्ह, 19 किंवा जास्त भरला तर औषध शाबूत. ईसीआयएमसाठी दुसऱ्या नळीत 20 मायक्रोलिटर ईडीटीए घालतात (0.5 मोलर). ते जस्त ओढून घेतं, एनडीएम लुळं पडतं आणि गोल किमान 5 मिमीने वाढतो.

चुकतं कुठे? डिस्क नळीच्या कडेला दाबून निथळली नाही तर ओल प्लेटवर पसरते आणि गोल वाचता येत नाही. त्याहून मोठी फसगत म्हणजे एनडीएम आणि ऑक्सा-48 (जस्ताशिवाय चालणारं कार्बापेनेमेज) घराण्यातलं जनुक एकाच जंतूत असणं, जे आपल्याकडे सर्रास दिसतं. ईडीटीएने एनडीएम थांबतं, पण ऑक्सा खातच राहतं, गोल वाढत नाही आणि एनडीएम निसटतं. म्हणून पीसीआर (जनुक शोधणारी तपासणी) कार्ट्रिज मिळत असेल तर ते बरं: केपीसी, एनडीएम, व्हीआयएम, आयएमपी, ऑक्सा-48 ही पाच जनुकं तासाभरात कळतात. सहावं काही असेल तर मात्र ते सांगणार नाही.

नावाने उपचार कसा बदलतो? नुसतं ऑक्सा-48 असेल तर सेफ्टाझिडिम-अविबॅक्टम हे जोड-औषध चालतं (त्यातलं अविबॅक्टम जंतूच्या एन्झाइमला अडवतं). एनडीएमला अविबॅक्टम रोखत नाही. ॲझ्ट्रिओनाम हे अँटिबायोटिक मात्र एनडीएमला तोडता येत नाही. त्याला तोडतं ते सोबतचं सीटीएक्स-एम हे एन्झाइम, आणि सीटीएक्स-एमला अविबॅक्टम अडवतं. म्हणून तिन्ही रेणू एकत्र देतात, दोन्ही इंजेक्शनं एकाच वेळी सुरू करून, साधारण तीन तासांत संथ. आधी एक, मग दुसरं दिलं तर जोडीचा फायदा कमी होतो. डोस किडनीवर ठरतो, तो डॉक्टरांवर सोडा. भारतातल्या काही ई. कोलायमध्ये पीबीपी-3 या, ॲझ्ट्रिओनाम जिथे बसतं त्या प्रथिनात चार अमिनो आम्लं जास्त घुसलेली असतात, तिथे ही जोडीही अडखळते. तुमच्याकडे क्लेबसिएला आहे, तरी लॅबकडून जोडीची टेस्ट करून घ्यायला हरकत नाही.

एक सांगायचं राहिलं. रक्तातला क्लेबसिएला म्हणजे संसर्गच, पण उद्या लघवीच्या किंवा नळीतल्या स्रावाच्या कल्चरमध्ये तोच उगवला आणि ताप किंवा त्या जागेची दुसरी लक्षणं नसतील, तर तो नुसता मुक्कामाला असू शकतो. तेवढ्यासाठी नवं औषध लावायची घाई नको.

भेटायला जाताना अण्णांजवळ जाण्याआधी आणि नंतर सॅनिटायझर 20 ते 30 सेकंद चोळा. काही दिवसांआड पाणी येणाऱ्या गावात त्याचा आधार जास्त. आणि उरलेला चहा, नारळपाणी, सलाइनची शिल्लक हात धुण्याच्या बेसिनमध्ये ओतू नका. खालच्या वळणदार पाइपात हेच जंतू थर करून बसलेले असतात, साखर मिळाली की फोफावतात, प्लाझ्मिडची देवाणघेवाणही तिथे होते, आणि नळ जोरात सोडला की शिंतोड्यांसोबत वर येतात.