पहिला कीबोर्ड घेताय? आधी पट्ट्या बघा

सहाशे आवाज, दोनशे ताल या आकड्यांना भुलू नका. घरी वाजवताना त्यातले आठ-दहाच लागतात. पट्ट्या 61 हव्यात आणि पूर्ण आकाराच्या. बारक्या पट्ट्यांवर बसलेला हात पुढे मोठ्या कीबोर्डवर चुकतो.

दुकानात एकच पट्टी आधी अलगद, मग जोरात दाबून बघा. आवाज दोन्ही वेळा सारखाच आला तर टच रिस्पॉन्स, म्हणजे दाबाप्रमाणे आवाज लहान-मोठा होण्याची सोय, नाही; मग पुढचा कीबोर्ड दाखवायला सांगा. यामाहाच्या पीएसआर-एफ52 मध्ये ही सोय नाही, ई373 मध्ये आहे. पैसे जास्त जातात, पण इथे काटकसर नको.

भजनं, भावगीतं वाजवणार असाल तर तबला-तानपुरा असलेला पीएसआर-आय500 बघा. ट्रान्सपोजही, म्हणजे सगळ्या कीबोर्डचा सूर बटणाने वर-खाली सरकवणं, शिकून घ्या: गाणाऱ्याचा सा काळी चारवर (जी शार्प) असेल तर उणे चार करा, बोटं पांढरी एकचीच (सी) राहतात. (जुने पेटीवाले नाक मुरडतील. मुरडू देत.)

पियानोच शिकायचा असेल तर मात्र यातलं काहीच नको. 88 वजनदार (खऱ्या पियानोसारख्या दाबायला जड) पट्ट्यांचा डिजिटल पियानो घ्या.

आणि हो, अॅडॉप्टर खोक्यात आहे का, ते बिल करण्याआधी विचारा.