केटलमधला क्षार: सोडा वगळा, आंबट तेवढं ठेवा

तुम्ही लिहिलंय की व्हिनेगर आणि खायचा सोडा एकत्र घातला, फेस भरपूर आला, पण केटलच्या तळाचा पांढरा थर जिथल्या तिथे. तसंच होणार. आम्ल आणि सोडा एकमेकांनाच संपवून मोकळे होतात, थरावर काम करायला काही उरतच नाही.

हा थर बहुतांशी कॅल्शियम कार्बोनेटचा, म्हणजे खडू आणि संगमरवराच्या घराण्यातला. क्षाराचं पाणी तापलं की त्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि हे तळाशी बसतं. त्याला आंबटच लागतं. तारेच्या घासणीने खरवडू नका, ओरखडे पडतात.

मी लिंबूसत्त्व, म्हणजे सायट्रिक अ‍ॅसिडची पूड वापरतो. १ लिटर कोमट पाण्यात साधारण ३० ग्रॅम, म्हणजे दोन मोठे चमचे. पाणी थराच्या वर येईल इतकं भरायचं, केटलचं बटण बंद ठेवायचं आणि अर्धा-पाऊण तास विसरून जायचं. आधी थरावरून बारीक बुडबुड्यांच्या माळा वर येतात, मग कडेचे पापुद्रे सुटायला लागतात. बुडबुडे थांबले आणि थर अजून शिल्लक असला तर आम्ल संपलंय असं समजा. ते पाणी ओतून नवीन घाला. मी पूर्वी घाईने तेच पाणी पुन्हा पुन्हा तापवत बसायचो. हिशोब साधा आहे: १० ग्रॅम थराला जवळपास १३ ग्रॅम सायट्रिक अ‍ॅसिड लागतं. एका लिंबाच्या रसात ते जेमतेम दोन-तीन ग्रॅम असतं, म्हणून लिंबाची फोड चोळून जाड थर जात नाही. नळाच्या तोंडावरच्या पुसट डागांना मात्र ती पुरते.

खळखळ उकळायचीही गरज नाही. थर आणि सायट्रिक अ‍ॅसिड मिळून कॅल्शियम सायट्रेट हा क्षार होतो, तो गरम पाण्यात उलट कमी विरघळतो, त्यामुळे थर जाड असेल तर एका पांढऱ्या पुटाच्या जागी दुसरं बसायचं.

व्हिनेगरही चालतं, पण नुसतंच. ५ टक्क्यांचं असेल तर त्याच १० ग्रॅम थराला पाव लिटरच्या आसपास जातं, आणि वास घरभर. रबरी वायसरनाही ते वारंवार लागलेलं चांगलं नाही.

केटलच्या चोचीतली जाळी निघत असेल तर काढून त्याच पाण्यात वाटीत बुडवा. चहावर तरंगणारे पांढरे कण बहुतेक तिथलेच असतात. विजेचा तळ मात्र पाण्यात बुडवायचा नाही. शेवटी दोनदा साधं पाणी उकळून फेकून द्या.

अ‍ॅल्युमिनियमच्या भांड्यात हा प्रयोग नको, आम्लाने ते खराब होऊ शकतं. संगमरवरी ओट्यावर थेंब सांडला तर लगेच पुसा, नाहीतर तिथली चकाकी कायमची जाते. आणि ब्लीचच्या जवळपास कुठलंही आम्ल नेऊ नका, विषारी क्लोरीन वायू सुटतो.

कॉफी मशीनचं विचारलंत, तर आधी त्याच्या पुस्तिकेत व्हिनेगर चालतं का ते बघा. काही कंपन्या साफ नाही म्हणतात. केटलचं तसं नाही, तिचं झाकण उघडलं की तळ दिसतो. मशीनच्या बारीक नळ्यांमध्ये सुटलेला पापुद्रा अडकला तर बाहेरून काहीच कळत नाही.