स्पॅनिशमधल्या 'केदार' या क्रियापदाचे इंग्रजीत इतके वेगवेगळे अर्थ कसे होतात?

तुम्ही लिहिलंय की ऑफिसात स्पेनच्या ग्राहकांचे मेल इंग्रजीत करून द्यावे लागतात, आणि 'केदार' आलं की भाषांतराचं अ‍ॅप कधी 'रिमेन' म्हणतं, कधी 'मीट', कधी 'फिट', तर कधी 'अग्री'. चारही बरोबर आहेत आणि अजून डझनभर निघतील. मी पुण्यात स्पॅनिश शिकवते. दर बॅचमध्ये एखादा केदार असतोच, आणि हे क्रियापद शिकवायची वेळ आली की त्या बिचाऱ्याचे हाल होतात. उच्चार खरंच तसाच आहे, फक्त जोर 'दा'वर द्यायचा आणि 'द' जरा सैल ठेवायचा. (खालची वाक्यं मी स्पेनच्या उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत.)

माझं पहिलं सांगणं, इंग्रजी अर्थांची यादी पाठ करू नका. आधी मराठीतून समजून घ्या, इंग्रजी शेवटी लावा. हे मूळचं लॅटिन 'क्विएतारे', म्हणजे शांत करणं, स्थिर करणं. इंग्रजीतलं 'क्वाएट' त्याच घराण्यातलं. हालचाल, व्यवहार, बोलाचाली, जे काही चाललं होतं ते थांबल्यावर गोष्ट ज्या स्थितीत स्थिरावते, ती स्थिती 'केदार' सांगतं. आपलं 'राहणे' यातलं निम्मं काम करतं.

बघा. 'मे केदान दोस एउरोस' म्हणजे माझ्याकडे दोन युरो उरलेत. 'क्वान्तो केदा?' म्हणजे अजून किती राहिलंय? 'केदा मुचो पोर आथेर' म्हणजे अजून बरंच करायचं राहिलंय. 'मे केदे एन कासा' म्हणजे मी घरी राहिले. मराठीत चारही वाक्यं सहज येतात. इंग्रजीत मात्र पहिल्याला 'आय हॅव टू युरोज लेफ्ट' म्हणावं लागतं, म्हणजे कर्ताच बदलतो. स्पॅनिशमध्ये युरो उरतात, मराठीतही युरोच उरतात, म्हणून क्रियापद अनेकवचनी. इंग्रजीतून शिकणारी मुलं 'मे केदा दोस एउरोस' असं एकवचन लावून बसतात. मराठीत विचार करणाऱ्याला ती अडचण यायचं कारण नाही.

कपड्यांचंही असंच. 'मे केदा ग्रांदे' म्हणजे मला मोठा होतो. 'ते केदा बिएन' म्हणजे तुला छान दिसतो, किंवा बरोबर बसतो. इंग्रजीत मापासाठी 'फिट' आणि शोभण्यासाठी 'सूट' असे दोन शब्द करावे लागतात. स्पॅनिश दुकानदार एकाच वाक्यात दोन्ही कौतुकं उरकतो. तुम्हाला तो शर्ट घ्यायचाच असेल तर म्हणायचं 'मे लो केदो', इंग्रजीत 'आय विल टेक इट'.

पत्ता विचारतानाही हेच. 'दोंदे केदा एल बांको?' म्हणजे बँक कुठे आली? आपणही बँक 'आली' म्हणतोच, ती चालत आलेली नसताना. हे फक्त जागेवरून न हलणाऱ्या गोष्टींसाठी, म्हणजे इमारती, गावं, रस्ते. किल्ली किंवा माणूस कुठे आहे हे विचारायला 'केदार' चालत नाही.

आता जिथे खरी गंमत आहे तिकडे वळू. 'केदार'ला 'से' जोडून 'केदार्से' केलं आणि पुढे विशेषण ठेवलं की माणसाची अवस्था बदलते, आणि बहुधा त्याच्या मनाविरुद्ध. चित्रकार गोया १७९२-९३च्या आजारपणात बहिरा झाला, तर 'गोया से केदो सोर्दो'. झोप लागली, 'मे केदे दोर्मिदो'. एकटा पडला, 'से केदो सोलो'. पेट्रोल संपलं, 'नोस केदामोस सिन गासोलीना'. परीक्षेत डोकं कोरं झालं, 'मे केदे एन ब्लांको'. थिजून दगड झाला, 'से केदो दे पिएद्रा'. या प्रत्येकाला इंग्रजी वेगळं क्रियापद काढते: 'वेन्ट डेफ', 'फेल अस्लीप', 'एन्डेड अप अलोन', 'रॅन आउट ऑफ गॅस'. नुसता शब्द बघून भाषांतर केलं तर इथेच घसरायला होतं, कारण इंग्रजीला पुढचा शब्द बघून क्रियापद निवडावं लागतं. 'से केदो कायादो' तर गप्प झाला आणि गप्प राहिला या दोन्ही अर्थांनी येतं. तिथे संदर्भाशिवाय कुणालाच सांगता येणार नाही.

तुमच्या कामाच्या दृष्टीनं सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ठरवणं. 'केदार एन' म्हणजे एखादी गोष्ट ठरणं. 'केदामोस एन के पागारीयान एल लुनेस' म्हणजे सोमवारी पैसे देतील असं आपलं ठरलं होतं, 'वी अग्रीड दॅट दे वुड पे ऑन मंडे'. 'कोमो केदामोस' म्हणजे ठरल्याप्रमाणे, 'अ‍ॅज अग्रीड'. आणि वैतागलेला स्पॅनिश माणूस 'एन के केदामोस?' विचारतो, तेव्हा तो म्हणतोय, मग शेवटी ठरलं काय तुमचं?

'केदार कोन' म्हणजे कुणाला तरी भेटायचं ठरवणं. 'ए केदादो कोन आना' म्हणजे आनाला भेटायचं ठरलंय. हा स्पेनचा वापर. लॅटिन अमेरिकेत भेटीसाठी बहुतेक ठिकाणी दुसरे शब्द वापरतात. इथे एक सापळा आहे. 'केदामोस' हे रूप वर्तमानकाळात आणि भूतकाळात अगदी सारखं दिसतं. 'केदामोस आ लास दिएथ' म्हणजे 'दहाला भेटू' असा प्रस्तावही असतो आणि 'दहाला भेटायचं ठरलंय' अशी आठवणही. मेलची साखळी खालपर्यंत वाचल्याशिवाय 'लेट्स मीट' लिहायचं की 'वी अग्रीड टू मीट', हे ठरवू नका. एकवचनात मात्र जोर वाचवतो: पहिल्या अक्षरावर जोर असलेलं 'केदो' म्हणजे मी राहतो, शेवटच्यावर असलेलं म्हणजे तो राहिला. लिहिताना भूतकाळाच्या 'ओ'वर तिरपी रेघ येते, तेवढी बघायची.

ऑफिसच्या मेलमध्ये तुम्हाला दिसणारी नेहमीची वाक्यं इतकीच. शेवटी 'केदो आ ला एस्पेरा दे सु रेस्पुएस्ता', म्हणजे आपल्या उत्तराच्या प्रतीक्षेत. याचं 'आय रिमेन वेटिंग' करू नका, रागावल्यासारखं वाटतं. 'आय लुक फॉरवर्ड टू युअर रिप्लाय' पुरे. 'केदा पेन्दिएन्ते एल पागो' म्हणजे पैसे यायचे राहिलेत, 'पेमेंट इज स्टिल आउटस्टँडिंग'. आणि 'केदा आनुलादो एल पेदिदो' आलं तर सावध व्हा. ऑर्डर रद्द आहे एवढंच नाही, या मेलनेच ती रद्द होते आहे. आपल्या सरकारी कागदावर 'याद्वारे' असतं तोच हा भाव, इंग्रजीत 'इज हिअरबाय कॅन्सल्ड'. पाट्यांवरचं 'केदा प्रोइबिदो फुमार', म्हणजे धूम्रपानास मनाई, आणि पोलिसांचं 'केदा उस्तेद देतेनिदो', म्हणजे तुम्हाला अटक करण्यात येत आहे, हे त्याच जातीचं.

सरकारी भाषेवरून आठवलं, संचारबंदीला स्पॅनिश शब्द आहे 'तोके दे केदा'. मार्च २०२०मध्ये स्पेनभर 'केदाते एन कासा', म्हणजे घरीच राहा, हे घोषवाक्य झालं होतं, आणि त्याच वर्षी २५ ऑक्टोबरच्या आदेशानं कॅनरी बेटं वगळता देशभर रात्री ११ ते सकाळी ६ 'तोके दे केदा' लागू झाला. एकाच वर्षात हे क्रियापद एवढं कानी पडलं की त्या बॅचला 'राहणे' हा अर्थ मला शिकवावा लागला नाही.

ओळखीत कुणी पोर्तुगीज जाणणारे जुने गोवेकर असतील तर त्यांना 'फिकार' विचारा. ठिकाण कुठे आलं, आजारी पडला, कपडा शोभतो, घरी राहिला, ही सगळी कामं पोर्तुगीजमध्ये ते एकटं करतं. 

उरला 'केदार्से कोन'. म्हणजे ठेवून घेणं: 'केदेसे कोन एल काम्बियो', सुटे राहू द्या, 'कीप द चेंज'. पण पुढे वस्तूऐवजी माणूस आला तर त्या माणसाजवळ राहणं, नाहीतर स्पेनच्या बोलीत त्याची फिरकी घेणं. किमतीच्या घासाघिशीत तुमचा आकडा ऐकून ग्राहक फोनवर 'ते एस्तास केदांदो कोनमिगो?' म्हणाला, तर 'तू माझ्याकडे मुक्कामाला आहेस का' असं तो विचारत नाहीये. 'थट्टा करतोस काय माझी?' असं म्हणतोय. साहेबांना इंग्रजीत सांगताना 'ही थिंक्स द प्राइस इज टू हाय' एवढंच सांगा.